तिरका उंट

ऑनलाइन बुद्धिबळात कुणा अनोळखी माणसाने आव्हान दिलं, तर घड्याळं दुरुस्त करणारे काका नुसतं 'नाही'चं बटण दाबत नसत. त्यांना तो उर्मटपणा वाटे. "माफ करा, आज जमणार नाही. तब्येतीला जपा हं," असं ते अगदी अदबीने लिहीत. तेवढ्यात काकूंनी काही विचारलं, की मात्र "दिसत नाही का, कामात आहे!" म्हणून खेकसत.

'तिरका उंट' नावाचं कुणीतरी महिनाभर रोज दुपारी आव्हान देत होतं. आज काकांनाच लाज वाटली आणि त्यांनी चक्क 'हो' म्हटलं.

स्वयंपाकघरातून काकू मोबाइल घेऊन धावत आल्या. "अहो, नेहमीसारखं नाही म्हणा की! मला कुठे खेळता येतं? मी तर तुमचं ते गोड उत्तर वाचायला आव्हान द्यायचे."