डब्बीवरचं नाव

नंदिनीच्या कागदावर तुम्ही खोटं लिहिलं, साहेब. ‘मूळ आजारामुळे रक्त कमी.’ मूळ आजार म्हणजे एचआयव्ही. शाई तुमची, सही तुमची. पाहिलं मात्र तुम्ही काहीच नव्हतं.

पाहायचं होतं काय? एक प्लास्टिकची डब्बी. आत तिचं शौच. तपासणी तुमच्याच एका शिकाऊ डॉक्टरणीनं लिहून दिली होती. सातवा महिना, हिमोग्लोबिन पाच, पाय सुजलेले. बेसा गावाच्या पुढं नाल्याच्या पाण्यावर पालक पिकतो, त्या वाफ्यांत नंदिनी अनवाणी राबलेली. त्या पोरीनं तिचे तळपाय पाहिले आणि चिठ्ठी लिहिली. नंतर पोरीची ड्युटी दुसऱ्या वॉर्डात लागली.

लॅबच्या खिडकीतल्या माणसानं आधी चिठ्ठी वाचली, मग फाईलवरचा एचआयव्हीचा शिक्का. डब्बीला हात लावला नाही.

“मायक्रोस्कोप बिघडला. उद्या ये.”

उद्या हातमोजे संपले. परवा तो म्हणाला, “बाई, तुले एवढा मोठा रोग, अन् तू जंत काय शोधून राहिली?” रांगेत कोणीतरी हसलं.

दर वेळी नंदिनी डब्बी पदराखाली झाकून परत आली. अठरा दिवस. एचआयव्हीची गोळी तिनं एक दिवस चुकवली नव्हती. विषाणू इतका दबला होता की मोजणीत सापडत नव्हता. हे त्याच फाईलमध्ये लिहिलं होतं. शिक्क्याच्या पुढचं पान कोणी उलटलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी तिला भरती केलं. चार पावलं टाकली की धाप. ते खोटं तुम्ही तेव्हाच लिहिलं. सोबतीला नणंद आली होती, गुंजन.

“बाळ हलून नाही राहिलं वं सकाळपासून,” नंदिनी म्हणाली. नर्सला दोनदा सांगून झालं होतं.

गुंजननं खाटेखाली पाहिलं. सकाळची डब्बी तशीच पडलेली.

“दे ती मले.”

“तुले काहून? घाण आहे ते.”

“लोकायच्या नणंदा पाटल्या मागतात, मी हे मागून राहिली. दे मुकाट्यानं, वहिनी.”

डब्बीवरची नंदिनीच्या नावाची पट्टी तिनं जिन्यातच खरवडून काढली. खाली नवी चिठ्ठी करून घेताना आणि लॅबच्या खिडकीत तिनं स्वतःचं नाव सांगितलं. गुंजन रुपराव, वय तीस. फाईल नाही, शिक्का नाही. त्याच माणसानं डब्बी हातात घेतली. “बसा ताई, लगेच देतो.”

वीस मिनिटांत कागद मिळाला.

तो घेऊन गुंजन पेशंट म्हणून तुमच्यासमोर येऊन बसली. तुम्ही तो वाचला, साहेब, आणि चक्क हसलात. “हूकवर्म. भरपूर आहेत. हे जंत घाण मातीतून अनवाणी तळपायांतून शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. पण घाबरू नकोस, वेळेवर आलीस. एक गोळी, मग लोहाच्या गोळ्या. संपला विषय.”

तेवढ्यात नर्स दारात आली.

“सर, सात नंबरची पेशंट, नंदिनी. बाळाचे ठोके सापडत नाहीत.”

गुंजन खुर्चीतून उठली नाही. तिनं कागद तुमच्याकडे सरकवला.

“हे जंत माह्या पोटातले नाहीत. सात नंबरच्या पोटातले आहेत. डब्बी तिची होती.”

तुम्ही ताडकन उठलात. “खोट्या नावानं तपासणी? गुन्हा आहे हा!”

“लिहा गुन्हा. माह्याच नावावर लिहा. पण आधी मले सांगा, माह्या नावानं जे वीस मिनिटांत दिसलं, ते तिच्या नावानं अठरा दिवस काहून नाही दिसलं?”