शेवटचं प्रूफ

स्वतःच्या आठवणींच्या पुस्तकाची पहिली प्रत चाळताना ती जिन्याच्या प्रसंगापाशी थबकली. "बाबांनी आईला ढकललं," असं तिनं लिहिलं होतं. छापून आलं होतं, "आई पाय घसरून पडली." संपादकांनी त्या वाक्याला हात लावला नव्हता. शेवटचं प्रूफ मात्र दादानं तपासलं होतं. तो त्याचा पेशाच होता आणि घरच्या माणसावर तिनं डोळे झाकून विश्वास टाकला होता. "दादा, तू तेव्हा जिन्यातच उभा होतास ना रे?" "होतो," दादा मान खाली घालून म्हणाला. "पण बाबा गेले आता. चारचौघांत त्यांची अब्रू कशाला काढायची? आईसाठीच केलं मी." तिनं उघडं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. आतून आई आली. चष्मा लावून तिनं ते पान सावकाश वाचलं, पुस्तक मिटून लेकीच्या हातात दिलं आणि दादाकडे बघत म्हणाली, "अगदी बापावर गेलास."