पान उलटायची खूण

सेकंड शिफ्टमुळे ज्योतीरामला संध्याकाळी लेकीजवळ बसता यायचं नाही, म्हणून तिच्या पुस्तकातली गोष्ट तो मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचा. पान संपलं की डब्यावर चमचा वाजवायचा. टण! मग सलोनीनं पान उलटायचं. आज शिफ्टला जाण्याआधी तो तिचं वाचन ऐकायला निघोजेच्या शाळेत आला होता. बाईंसमोर तिनं तीच गोष्ट घडाघडा वाचली. प्रत्येक पानाशेवटी स्वतःच “टण” म्हणाली. पोरं खिदळली. “अहो, हिनं ऐकून पाठ केलंय,” म्हणत बाईंनी नवंच पुस्तक पुढं केलं. “बाई, मला येतंय वाचायला,” सलोनी पुटपुटली. तिनं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. अडखळली, मागं आली, पुन्हा अक्षरं जुळवली. एकदाचं पान संपलं. ती थांबली. मागच्या बाकावर, कंपनीच्या कपड्यांत बसलेल्या ज्योतीरामनं पिशवीतला डबा काढून हळूच चमचा वाजवला. मान वर न करता सलोनीनं पान उलटलं.