उसनी पहाट

पहाटे पाचला शलाकाला आपोआप जाग आली. यंदा कादंबरी पुरी करायचीच, असा संकल्प तिने पाडव्याला केला होता. त्यासाठी आईने सवय-केंद्रात जाऊन स्वतःची पहाटे उठण्याची सवय तिला उसनी दिली होती. दिलेली सवय देणाऱ्याकडे उरत नाही.

नऊ वाजता शलाकाच्या आई कुमुदताई जांभया देत बाहेर आल्या.

"आई, रक्तदाबाची गोळी?"

"अगंबाई! पूर्वी उठल्याउठल्या हात डबीकडे जायचा. आता तेही तुझ्याकडे गेलं बघ." त्या हसल्या. "कुठवर आलंय, लेखिकाबाई?"

"शेवटचं प्रकरण राहिलंय."

"मग कर की पुरं. मला कुठे गाडी गाठायचीय?"

डबीत या आठवड्यातल्या बऱ्याच गोळ्या तशाच पडून होत्या. सवय आजच परत करावी, असं शलाकाच्या अगदी ओठांवर आलं. पण मग आपण पुन्हा दहापर्यंत लोळणार आणि कादंबरी राहणार. तिने आईच्या हातात गोळी आणि पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रकरण संपवून तिने मान वर केली, तेव्हा अकरा वाजून गेले होते. आईच्या खोलीचं दार अजून बंद होतं. आई झोपेतच गेली होती.

तेरावं झालं, पाहुणे परतले. पहाटे पाचला शलाकाला जाग आली. ती स्वयंपाकघरात गेली. तिच्या हाताने डबी उघडली, गोळी तळहातावर घेतली, पेल्यात पाणी ओतलं. मग मात्र ती थबकली.

रिकाम्या घरात ती मोठ्याने म्हणाली, "आई, तुझी सवय परत घे गं. मला नको ते पुस्तक."