कडेचे आकडे

१९६४ सालच्या हिवाळ्यात एका सकाळी मामाने आपल्या फोटोच्या दुकानात औषधाच्या टाकीतून फिल्म बाहेर काढली, तर ती काचेसारखी लख्ख. बारा फोटो काढले होते, बाराही गायब.

"अगं बाई! पोरीचं नाकसुद्धा नाही आलं," मामी म्हणाली.

फोटो भाचीचे होते. दूरच्या गावच्या लाकूड व्यापाऱ्याच्या आईचा निरोप होता: महिनाअखेर मुलीचा फोटो पाठवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. भाचीला ते स्थळ नको होतं. तिला मामाची डार्करूम हवी होती. तो लाल दिवा, तो आंबूस वास, पाण्याखाली कागदावर हळूहळू उमटणारे चेहरे. पण आईवडिलांमागे जिने वाढवलं, त्या मामीला कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं?

मामाने फिल्म उजेडात धरली. "कडेला आकडेही नाहीत. कंपनीने एक ते बारा आकडे आधीच टिपलेले असतात. आकडे उमटले आणि फोटो नाहीत, तर कॅमेऱ्याला काही दिसलंच नाही. आकडेसुद्धा नाहीत, तर दोष औषधाचा."

"औषधं ओतली कोणी?" मामीने विचारलं.

"मी," भाची म्हणाली. चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी, न उमटलेलं सगळं धुऊन टाकणारा फिक्सर ओतला, एवढंच सांगितलं नाही.

मामाने औषधं फेकली, बाटल्या घासल्या, थर्मामीटर बदलला, पाणी उकळून गाळून घेतलं. पुन्हा बारा फोटो. "हनुवटी वर. खांदा खाली. जरा हस की, दाढ दुखतेय का?"

पुन्हा फिल्म कोरी. पुन्हा आकडे नाहीत.

"वीस वर्षांत असं झालं नाही," मामा डोकं खाजवत म्हणाला.

"मग मी तिला चौकातल्या स्टुडिओत नेते."

"ने. मी आजच दुकानाची पाटी उतरवतो."

महिना संपायला दोन दिवस उरले. मामीने कंबर कसली. "या खेपेला औषधं मी ओतणार. हिने बोट लावायचं नाही."

भाचीचा चेहरा पडला. मामाने तिला स्टुलावर बसवलं आणि पटापट बारा वेळा बटण दाबलं.

"मामा, हनुवटी?"

"राहू दे कशीही."

डार्करूममध्ये मामा सांगेल ती बाटली, सांगेल तितकी मिनिटं, मामीने डोळ्यांत तेल घालून सगळं केलं. भाची कोपऱ्यात हात बांधून उभी. संपलं, ती मनात म्हणाली.

मामाने फिल्म काढली, दिव्यासमोर एकदाच धरली आणि ओलीच गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात घातली.

"कोरी. औषधाचाच दोष."

मामी मटकन खाली बसली. "माझ्या हातूनही?"

लाकूडवाल्याचं पुढच्याच महिन्यात लग्न झालं. त्याला सात मुलं झाली. मामी जन्मभर डार्करूमच्या दारावरून अंग चोरून जायची. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेला एक घड्याळजी भाचीला आवडला, तिने त्याच्याशी लग्न केलं आणि चाळीस वर्षं दुकान चालवलं. तिसरी फिल्म आपोआप कशी बिघडली, हे कोडं तिला सुटलं नाही. नशीब म्हणून तिने ते सोडून दिलं.

मामा गेल्यावर तिने त्याचा जुना कोट झटकला, तेव्हा आतल्या खिशातून ती गुंडाळी पडली. सवयीने तिने ती खिडकीशी धरली. बाराही चौकोन कोरे होते. आणि कडेला, एक ते बारा, सगळे आकडे ठळक काळे उमटले होते.