शेवटचा खोका

कुलूपकाकांनी किल्ली दिली नाही.

वीटभट्टीवरचा माणूस बाहेर खाटेवर पडला होता. साप चावून पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, पापण्या आपोआप मिटत चाललेल्या. डॉक्टरीणबाई नव्या होत्या. औषधभांडाराच्या दारात उभ्या राहून त्या पुन्हा म्हणाल्या, कपाटात सर्पदंशाच्या इंजेक्शनांचा खोका आहे ना, तो काढा.

"शेवटचा आहे बाई," काका म्हणाले. "उद्या याच्याहून वाईट कोणी आला, तर त्याला काय देऊ?"

मोठ्या सिस्टरांनी वाद घातला नाही. किल्लीही मागितली नाही. मुकाट्याने त्यांनी शहरात न्यायला गाडी सांगितली. गाडी अर्ध्या वाटेवरून परत आली.

भांडारपाल काकांना दवाखान्यात सगळे कुलूपकाका म्हणत. जुनी सासू बरी, ती निदान डब्याचं झाकण उघडून वास तरी देते, असंही म्हणत. काकांना त्याचं काही वाटत नसे. त्यांच्या उभ्या नोकरीत भांडारातलं एखादं औषध पार संपलं, असं कधी झालं नव्हतं. दर महिन्याला वरच्या मोठ्या भांडारातून साहेबांचा फोन येई. सापाचं आहे का शिल्लक? आहे की, काका छाती काढून सांगत. मग साहेब शाबासकी देत आणि इथला वाटा ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्याकडे वळवत.

त्या फोनच्या वेळी सिस्टर हातातलं काम टाकून येत.

"काका, शून्य सांगा."

"भरल्या घरात नाही म्हणू नये, सिस्टर."

सिस्टर एकदा कपाटाकडे बघून परत कामाला जात.

कोणी फारच टोचून बोललं, तर काका स्वतःची गोष्ट काढत. गेल्या वर्षी भांडारामागचा अडगळीचा ढीग उपसताना त्यांना नाग डसला होता. डोळ्यांपुढे अंधार आला, जीभ लुळी पडली, पण खोक्याला हात लावू दिला नाही. शुद्धीवर आले तेव्हा किल्ली मुठीत होती. एरवी ती कमरेच्या दोऱ्याला असायची. बेशुद्धीतसुद्धा ती सोडून हातात घट्ट धरली होती, बघा. माणसात दम असला की विष उतरतं. नागच नंतर आजारी पडला म्हणे, असं वॉर्डबॉय पाठीमागे म्हणत.

रोज सकाळी कपाट उघडून काका तो खोका फडक्याने पुसत आणि होता तसा परत ठेवत.

वीटभट्टीवरचा माणूस वाटेत गेला, त्याच दिवशी दुपारी त्या खाटेवर काकांची लेक आली. अंगणातली लाकडं उचलताना साप चावला होता. ती बापाकडे बघत होती, पण पापण्या उचलत नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी काकांना काही विचारलं नाही. काकांनी लेकीला बघायच्या आधीच सिस्टरांनी गाडी सांगून ठेवली होती.

"गाडी कशाला?" काका म्हणाले. "आपल्याकडे आहे की."

दोऱ्याची गाठ सुटेना. त्यांनी दोराच तोडला. कुलूप काढलं, खोका छातीशी धरून खाटेपाशी आणला आणि तिथंच त्याची पट्टी नखाने खरवडली. जखमेवर लावायची पांढरी पट्टी होती ती. कंपनीची नव्हती.

आत बाटल्या होत्या. एकही जागची हललेली नव्हती. प्रत्येकीच्या रबरी बुचाला सुईचं भोक होतं आणि प्रत्येक बाटली रिकामी होती.

काकांनी एक बाटली उलटी करून हलवली. बाहेर गाडीचं इंजिन सुरू झालं.

"कोणाला दिलंत?"

सिस्टर लेकीचा हात धरून होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काका, तुमच्या मुठीत किल्ली मीच ठेवली होती."