तीन हिसके

डिचोलीच्या कारखान्यात ज्या टाकीत बाबा गुदमरून गेले, तिच्यापाशीच आज गौरवीचं प्रशिक्षण होतं. आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, दुसरं टोक बाहेरच्या माणसाने धरायचं. तीन हिसके आले की वर ओढायचं.

त्या दिवशी ते टोक बाबांच्या जोडीला काम करणाऱ्या रघुनाथकाकांच्या हातात होतं; आज शिकवायलाही तेच होते. “दोर हाललोच ना, गो बाय,” कोणी न विचारता ते आजही म्हणाले; एकही हिसका आला नव्हता, हेच ते तेव्हापासून सांगत आले होते.

दाखवण्यासाठी त्यांनी नुसता दोर टाकीत सोडला. आत कोणी नव्हतं.

दोराला हिसका बसला. मग दुसरा. तिसऱ्याला काकांचा हात खाली ओढला गेला.

“वारो,” ते म्हणाले.

“बंद टाकीत?”

गौरवीने दोर हिसकावून घेतला आणि ती ओढू लागली.

“सोड गो, सोड!” काका ओरडले.

दोर माणसाएवढा जड होता.